इंजिनाचा गोशवारा, तीन प्रतींत

एकनाथरावांच्या तोंडून "होय साहेब" निघालं तेव्हा त्यांचं सगळं लक्ष पंख्याकडे होतं.

साहेबांच्या खोलीतला पंखा दोन दिवसांपासून करकरत होता, आणि तो निखळला तर नेमका कुणाच्या टाळक्यात बसेल याचा अंदाज ते बांधत होते. अंदाज वाईट होता. साहेबांची खुर्ची भिंतीच्या कडेला. पंख्याच्या बरोब्बर खाली एकटे एकनाथराव, हातात फाइल घेऊन उभे. तेवढ्यात साहेबांनी काहीतरी विचारलं. त्यातलं "करून घ्यावं ना?" एवढंच शेपूट कानावर आलं. साहेबांनी विचारलं की होय म्हणायचं, ही त्या कचेरीतली जुनी वहिवाट. एकनाथरावांनी ती पाळली. म्हणाले, "होय साहेब. जरूर करून घ्यावं."

"अरे वा!" प्रतापराव साहेब पुढं सरकले. "तुम्हाला इंजिनातलं कळतं हे आम्हाला माहीतच नव्हतं!"

एकनाथरावांनाही माहीत नव्हतं. पण आता मागं फिरायचं म्हणजे साहेबांचं बोलणं ऐकलं नव्हतं असं कबूल करायचं, आणि त्यापेक्षा इंजिन परवडलं.

त्यांना साहेबांना दुखवायचं नव्हतं, त्याला कारण होतं. सन छप्पन्नचा सप्टेंबर चालू होता. हैदराबाद राज्याचे तीन वाटे व्हायचे ठरले होते. तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी म्हैसूरला, मराठी मुंबईला. मुलखाची वाटणी नकाशावर रेघा मारून झाली. माणसांची वाटणी याद्यांवर चालली होती. एकनाथराव बांधकाम खात्याच्या नकाशे-दफ्तरात वरिष्ठ कारकून, मूळचे उदगीरकडचे, घरची शेती, बोली मराठी. म्हणजे सरळ मुंबईच्या यादीत. पण त्यांनी अर्ज केला होता की मला हैदराबादेतच ठेवा. तो अर्ज शिफारशीसाठी साहेबांच्या टेबलावर पडून होता, आणि येताजाता एकनाथराव तो जागेवर आहे ना ते बघून घेत.

सगळे मराठी कारकून आपल्या माणसांत जायला मिळणार म्हणून पेढे वाटत असताना ह्या गृहस्थांना काय झालं होतं? तर एक गोष्ट होती, आणि ती त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. एकनाथरावांना मराठी लिहिता येत नव्हतं. बोलायला बसले तर कुणाला हार जायचे नाहीत, गणपतीत उभे राहून अर्धा तास भाषण ठोकतील. पण शाळा निजामाची, शिक्षण उर्दूत, नोकरी उर्दूत, पोलीस अॅक्शननंतर कामकाज इंग्रजीत. मराठी अक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून ओळखीची करून घेतली होती, तीही जरा थांबून वाचावी लागत. मुंबईत सचिवालयात कुणी काळ्या टोपीचा हेडक्लार्क समोर कागद ठेवून "जरा शुद्ध मराठीत मसुदा करा" म्हणाला तर? मराठी माणूस, मराठी मुलखात, आणि मराठी येत नाही! लोक हसतील ह्याची त्यांना जेवढी धास्ती होती तेवढी यमाचीही नव्हती.

"साहेब, ते माझ्या अर्जाचं..." त्यांनी चाचरत विचारलं.

"अर्जाचं बघू हो. आधी इंजिनाचं बघा."

इंजिन साहेबांच्या गाडीचं. एका जहागीरदाराच्या पोरानं जहागिरी गेल्यावर विकून टाकलेली ती लाल, विलायती, दोनच माणसांची, बिनछपराची गाडी साहेबांनी गेल्या वर्षी घेतली होती, आणि तेव्हापासून विलायतेहून मोटारींचं मासिक मागवायला सुरुवात केली होती. त्या मासिकात आलं होतं की इंजिनात जे चार पिस्टन खालीवर होतात ते कारखान्यातून येताना अगदी एका वजनाचे नसतात. साध्या गाडीत चालून जातं. वेगाची गाडी असली तर मात्र ते चारही रतीभर फरक न ठेवता सारखे करावेत, आणि आतला प्रत्येक भाग मूळ नकाशातल्या मापाला आणून बसवावा. मग इंजिन लोण्यासारखं फिरतं. एका गोष्टीला म्हणायचं बॅलन्सिंग, दुसरीला ब्लूप्रिंटिंग.

"आणि नकाशा वाचणारा माणूस तुमच्याशिवाय आपल्याकडे कोण आहे?" साहेब म्हणाले. "मला लांबचा पल्ला मारायचाय. हे करणं फायद्याचं आहे का, एक नोट टाका आणि पुढचं तुम्हीच बघा."

एकनाथरावांनी इंग्रजीत दोन पानांची नोट लिहिली. आयुष्यभर त्यांनी अशाच नोटा लिहिल्या होत्या. पहिल्या पानावर सदर काम फायद्याचं का आहे ते, दुसऱ्यावर का नाही ते, आणि शेवटी 'आदेशार्थ सादर'. साहेबांनी पहिलंच पान वाचलं आणि सही केली.

नारायणगुड्यात एकनाथरावांच्या शेजारी हिम्मतराव राहत. गौलीगुड्याच्या बस डेपोत तीस वर्षं भांडारात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात इंजिनाला हात लावला नव्हता, पण इंजिनाचे भाग मोजून देऊन देऊन त्यांना सगळ्या इंजिनांचा अधिकार आला होता. बातमी कळताच ते लुंगीवरच आले.

"कुणाच्या हातात देताय काम?"

"नामपल्लीचे महबूब उस्ताद."

"बाप रे!" हिम्मतराव एवढंच म्हणाले आणि खुर्चीवर बसले. त्यांची ही सवय वाईट होती. "बाप रे" म्हणायचं आणि का ते सांगायचं नाही.

"का हो? माणूस बरा नाही का?"

"माणूस हिरा आहे. पण उघडलेलं इंजिन, एकनाथराव... आमच्या डेपोत एक उघडलं होतं. एक्कावन्न साली."

"मग?"

"अजून उघडंच आहे."

एकनाथरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. एकनाथरावांची बायको सत्यवतीबाई दारातून म्हणाल्या, "हिम्मतराव, तुम्ही त्यांना उगं भ्या घालू नका. ते आधीच दोन दिस झाले जेवायले नाहीत."

महबूब उस्तादांचं वर्कशॉप नामपल्ली स्टेशनच्या मागं, चिंचेखाली. उस्तादांनी गाडी चालू केली, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला, आणि बंद केली.

"मियाँ, इंजन एकदम अच्छा चलरा. कायकू खोलना?"

"साहब का हुकुम है," एकनाथराव म्हणाले.

"साब कू बोलो, अच्छे इंजन कू नक्को छेड़ो बोलके."

साहेबांना असं बोलायची छाती एकनाथरावांना नव्हती. असती तर ते मुळात इथं आलेच नसते. शेवटी इंजिन उघडलं. चिंचेखाली चादरीवर एकेक भाग मांडला जाऊ लागला तसे एकनाथराव ते मोजायला लागले. एवढं सगळं एवढ्याशा डब्यात होतं? आणि परत मावणार होतं?

मग नकाशाचं काम. साहेबांनी गाडीसोबत आलेलं एक पुस्तक दिलं होतं, त्यात आकृत्या होत्या. एकनाथराव ज्या नकाशांत मुरलेले होते त्यांत कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे चाळीस फूट. तिथं दोन फूट इकडेतिकडे झाले तर कंत्राटदार सांभाळून घेतो. इथं मापं इंचाच्या हजाराव्या भागात! उस्ताद मखमलीत गुंडाळलेला मायक्रोमीटर काढून मापं ओरडायचे, एकनाथराव ती गोशवाऱ्यात लिहायचे. तीन प्रतींत लिहायचे. एक साहेबांना, एक दफ्तराला, आणि एक स्वतःच्या पेटीत, उद्या कुणी काही म्हणालंच तर.

मापं जमली. गाडं अडलं वजनावर. उस्तादांकडे वजन करायला होता तो भंगाराचा तराजू, त्यात पाव शेराच्या खालचं काही कळायचंच नाही. उस्ताद म्हणाले, "सराफ के काँटे पे तौल लेको आओ. मगर चारों नहीं देता. दो-दो लेको जाओ." चारही पिस्टन एकदम बाहेर द्यायचे नाहीत, हा त्यांचा उसूल. दोन हरवले तर दोन तरी राहतात.

गौलीगुड्यातला एक सराफ हिम्मतरावांच्या ओळखीचा निघाला. त्यानं तेलकट पिस्टन दुकानात आणायला साफ मनाई केली. काटा मात्र पंधरा दिवसांसाठी द्यायला कबूल झाला. वजनं देईना. वजनं म्हणजे आमची अब्रू आहे, म्हणाला.

"मग तोलायचं कशानं?" एकनाथराव रडकुंडीला आले.

"अहो, रुपयानं!" हिम्मतराव म्हणाले. "चांदीचा रुपया म्हणजे तोळा. आमचा आजा रुपयानंच सोनं तोलायचा."

खरंच होतं ते. सत्यवतीबाईंच्या पेटीत लग्नात वडिलांनी घातलेले तीस चांदीचे रुपये होते. त्यांनी ते दिले, पण नवऱ्याकडं अशा नजरेनं बघून की एकनाथरावांनी ते दोनदा मोजून घेतले. ओसरीवर काटा टांगला. एका पारड्यात तीस रुपये, दुसऱ्यात पिस्टन. पिस्टन तिसांहून जरासा जड भरला. दुसराही तसाच. उस्तादांनी सांगितलेल्या जागी, आतल्या बाजूनं, हलक्या हातानं कानस फिरवायची, परत तोलायचं. हिम्मतराव कानस फिरवत आणि एकनाथराव काट्याकडे डोळे लावून श्वास रोखून बसत. संध्याकाळपर्यंत दोन्ही पिस्टन बरोब्बर तीस रुपये झाले. सत्यवतीबाईंनी दिवेलागणीच्या आत रुपये मोजून पेटीत टाकले आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणाल्या, "आता परत मागायचे नाहीत. माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

दुसऱ्या दिवशी एकनाथराव ते दोन पोचते करून उरलेले दोन घेऊन आले. पण रुपये? पेटी काही उघडेना. तेव्हा हिम्मतराव छाती काढून उठले आणि आपल्या बायकोच्या, सुशीलाबाईंच्या डब्यातले तीस आणले. तेही चांदीचे, खणखणीत, वर चारमिनार कोरलेला. एकनाथरावांना तो चारमिनार बघून बरंच वाटलं. राज्य मोडायला निघालं, रुपया तरी जागेवर आहे.

हे दोन पिस्टन मात्र हट्टी निघाले. घासून घासून हात दुखले तरी तीस रुपयांचं पारडं वरच. हिम्मतराव म्हणाले, "हे दोन जास्तीचं खाऊन बसलेत." दुपार गेली, भुकटीचा ढीग पडला, तेव्हा कुठं पारडी समोरासमोर आली. गोशवाऱ्यात चौथा आकडा पडला. पिस्टन क्रमांक एक, तीस. दोन, तीस. तीन, तीस. चार, तीस. तो सुरेख रकाना बघून एकनाथरावांना वर्षानुवर्षांत पहिल्यांदा थोडं निर्धास्त वाटलं. त्यांनी खाली लफ्फेदार सही केली.

आठ दिवसांनी इंजिन जुळलं. उस्तादांचे भाग खरंच परत मावले. साहेबांनी निरोप धाडला, रविवारी सकाळी नऊला गाडी फिरवून बघू.

रविवारी एकनाथराव आंघोळ करून, नवा सदरा घालून ओसरीवर बसले होते. सत्यवतीबाई समोर कांदे चिरत होत्या. सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ते तुमचे पिस्टन सगळे सारखे झाले म्हणा की."

"बरोब्बर सारखे. तीस रुपये. चारही."

"पन माझे रुपये कळदार होते."

"मग?"

"आन् सुशीलाबाईंचे हाली."

कळदार म्हणजे इंग्रजाचा रुपया, राणीच्या नाहीतर राजाच्या मुंडक्याचा. हाली म्हणजे निजामाचा, चारमिनारचा. दोन्ही रुपये हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या शेजारी शेजारी चालले. शंभर कळदारला एकशे सोळा हाली द्यावे लागतात, हे तर बोळातलं शेंबडं पोरही सांगेल. एकनाथरावांनी स्वतः दर पगाराला हा हिशेब केलेला होता. पण रुपया हातात घेऊन तो तोळ्याला कमी भरतो का, हे मात्र त्यांच्या काय, हिम्मतरावांच्या काय, डोक्यातच आलं नव्हतं. रुपया म्हणजे रुपया! त्यांनी धावत जाऊन एक रुपया सुशीलाबाईंकडून आणला, एक सत्यवतीबाईंनी पेटीतून काढून दिला, आणि काट्याच्या दोन पारड्यांत ठेवले. चारमिनार सरळ वर गेला.

तीस रुपयांना मिळून फरक सव्वा तोळ्याच्या आसपास निघाला. म्हणजे इंजिनातले दोन पिस्टन दुसऱ्या दोघांपेक्षा सव्वा सव्वा तोळा हलके होते. उस्तादांच्या हातात आले तेव्हा चारही जवळजवळ सारखे होते. सारखे करायच्या नादात एकनाथरावांनीच ते वेगळे करून ठेवले होते.

"मेलो!" एवढंच एकनाथराव म्हणाले आणि पायरीवर बसले.

हिम्मतराव धावत आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणून सल्ला दिला. "गप्प बसा."

"अहो, इंजिन फुटेल!"

"फुटेना. कागदावर काय आहे? तीस. सगळीकडे तीस. एकनाथराव, एकदा गोशवाऱ्यावर सही झाली की वजन तेच. आता पिस्टननंच ते सांभाळायचं."

"साहेब ऐंशी मैलांनी पळवतात. मेले म्हणजे?"

"मग अर्जाचं तुमचं काम अडेल, हे खरं," हिम्मतराव गंभीरपणे म्हणाले.

सत्यवतीबाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "जाऊन सांगा साहेबाला. आत्ता. मानूस मरायलंय आन् तुम्ही अर्ज काय बघायलेत?"

एकनाथराव सायकल रिक्षानं नामपल्लीला पोचले तर साहेब गाडीत बसलेलेच. डोळ्यांवर मोटारवाल्यांचा चष्मा, हातात कातडी मोजे.

"या या! तुम्हीच केलंय, तुम्हीच शेजारी बसा."

"साहेब, एक अर्ज होता..."

"अर्जाचं नंतर. बसा!"

उस्तादांनी दार उघडून त्यांना आत ढकललं आणि कानाशी म्हणाले, "दुवा पढ़ लो मियाँ, मैं भी पढ़ रहा." ह्याचा अर्थ उस्तादांनाही काहीतरी जाणवलं होतं का, हे विचारायला वेळच मिळाला नाही.

बेगमपेठेपर्यंत गाडी वीस मैलांनी चालली आणि काहीच झालं नाही. एकनाथरावांना वाटलं, देवानं ऐकलं. बोवनपल्ली सोडली, मेडचलचा मोकळा रस्ता लागला, आणि साहेबांनी पाय दाबला. चाळीसला स्टीअरिंगपुढच्या फळीवरचे काटे थरथरायला लागले. पंचेचाळीसला एकनाथरावांच्या चष्म्याला कंप भरला. पन्नासला त्यांच्या कवळीनं आपलं वेगळं वाजायला सुरुवात केली. गाडीच्या पोटातून एक गुरगुर येत होती, आणि ती पायांतून पोटात, पोटातून गळ्यात चढत होती.

"जरा थरथरतंय!" साहेब ओरडले. "वेग वाढला की जाईल!"

"साहेब!"

"काय?"

"स... सा..." वारा तोंडात शिरत होता. डोळ्यांसमोर एकनाथरावांना दोन गोष्टी एकदम दिसत होत्या. एक, सव्वा तोळ्यानं हलका पिस्टन इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतोय. दुसरी, साहेब लाल शाईनं त्यांच्या नावापुढे 'मुंबई' लिहितायत. कालपर्यंत त्यांना दुसरीच जास्त भयंकर वाटली असती. पण साठच्या वर गाडी जशी थडथडायला लागली तसा त्यांच्या छातीतून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"थांबवा हो! गाडी थांबवा! दोन कळदार आहेत आणि दोन हाली!"

साहेबांनी ब्रेक मारला. गाडी रस्त्याच्या कडेला धुळीत उतरली आणि बंद पडली. एकदम शांत झालं. शेजारून एक बैलगाडी खडखडत गेली आणि गाडीवान ह्या दोघांकडे मान वळवून बघत राहिला.

एकनाथरावांनी सगळं सांगितलं. पेटी, डबा, चारमिनार, हट्टी पिस्टन, सव्वा तोळा. सांगताना ते साहेबांकडे बघत नव्हते, फळीवरच्या थांबलेल्या काट्यांकडे बघत होते.

साहेबांनी चष्मा काढला. "पण गोशवारा तर बरोबर होता. मला कधी कळलंही नसतं. का सांगितलंत?"

"भ्यालो साहेब."

"कशाला?"

"तुम्ही मराल म्हणून." मग खोटं बोलवेना म्हणून त्यांनी पुढं जोडलं, "आणि मीही."

साहेबांनी हातातले मोजे काढले. मग त्यांनी एकनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात बघून एकनाथराव आणखीच घाबरले.

"माणूस बरोबर निवडला मी," साहेब म्हणाले.

"कशासाठी साहेब?"

"मुंबईसाठी. माझं नाव तिकडच्या यादीत आहे एकनाथराव, कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, जायचं तर रेल्वेतून वळकट्या घेऊन नको, आपल्या गाडीनं ताठ मानेनं जाऊ. म्हणून हे इंजिनाचं खूळ. आणि तुमचंही नाव मी माझ्याबरोबर टाकलंय."

"कधी?" एकनाथरावांनी विचारलं.

"तुम्ही नोट टाकलीत त्याच्या आदल्या सोमवारी. यादी गेली वर."

म्हणजे इंजिन उघडायच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं. पंखा, पिस्टन, कानस, एवढे दिवस पोटात अन्न नाही, हे सगळं फुकट. एकनाथरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रागावू नका," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तिकडे म्हणे सगळा कारभार मराठीत आणणार आहेत. मसुदे, टिप्पण्या, सगळं. मी तुमचं गणपतीतलं भाषण ऐकलं होतं. काय तो ओघ! म्हटलं, एकनाथराव सोबत असले तर मला काय भीती?"

एकदा खरं बोलून झालं की माणूस चेकाळतो. एकनाथरावांनी हात जोडले.

"साहेब, मला मराठी लिहिता येत नाही."

"काय?"

"बोलता येतं. पाट्या वाचतो, तेही थांबून थांबून. लिहायचं म्हटलं की हात उजवीकडून डावीकडे जातो."

साहेबांचा चेहरा जसा उतरला तसा साठ मैलांच्या वेगातही उतरला नव्हता. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मेडचलच्या रस्त्यावर कुणी नव्हतं.

"मग लिहिणार कोण?"

"साहेब आहेतच की."

"मी?" साहेब ओरडले. "मी उस्मानियात, उर्दूत शिकलो हो! मला माझं नाव मराठीत लिहायचं तर प पासून विचार करावा लागतो!"

आतापर्यंत एकच माणूस भ्यालेला होता, आता दोघे झाले, आणि का कोण जाणे, एकनाथरावांना त्यामुळे जरा बरं वाटलं. मग त्यांनीच तोंड उघडलं.

"साहेब, आमची मंडळी लातूरच्या कन्याशाळेत मराठी सातवी पास आहेत."

परतीला गाडी पंधरा मैलांनी आली, आणि त्या वेगाला इंजिन अगदी गुणी पोरासारखं वागलं. उस्तादांनी पहिले दोन पिस्टनही सव्वा सव्वा तोळा घासून द्यायची तयारी दाखवली. "मगर मैं पहले दिन बोला था," हेही सांगितलं. साहेबांनी नको म्हटलं. सोमवारी त्यांनी फाइल मागवली, तिच्यावर इंग्रजीत 'फायद्याचे नाही' असा शेरा मारला, आणि मुंबईच्या दोन तिकिटांच्या चौकशीला माणूस स्टेशनवर पाठवला.

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला प्रतापराव साहेब नारायणगुड्यात येऊ लागले. पहिल्या दिवशी सत्यवतीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पदर सावरत दारामागून बोलल्या. चौथ्या दिवशी चटईवर बसवलं. आठव्या दिवसापासून बाईंच्या हातात पोळपाटावरचं लाटणं असायचं आणि ते खाली ठेवायला त्या विसरायच्या. हिम्मतराव कठड्यावरून मान काढून बघत आणि कुठल्या अक्षराला शेपूट डावीकडे यायला हवं ते सांगत. सत्यवतीबाईंनी लाटण्यानंच त्यांना गप्प केलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी परीक्षा घ्यायचं जाहीर केलं. "मी फलाण्या तारखेला हजर झालो, असा अर्ज ल्ह्या. दोघंबी. एकमेकांकडं बघायचं नाही. चुकलं तर जेवायला नाही."

चटईवर दोघे शेजारी बसले. एकनाथरावांचा हात चालत होता, डावीकडून उजवीकडे. पहिली ओळ पुरी झाली. मान वर केली तर साहेब पाटीवर एक 'म' काढून थांबलेले, पेन्सिल दातांत धरलेली, कपाळावर घाम. सत्यवतीबाई भाकरी उलटायला चुलीकडे वळल्या होत्या. साहेबांनी हळूच एका डोळ्यानं शेजारच्या पाटीकडे बघितलं, आणि एकनाथराव बघतायत हे दिसताच झटकन नजर वळवली.

चुलीकडे एक भेदरलेली नजर टाकून एकनाथरावांनी आपली पाटी गुडघ्यावर थोडी, साहेबांना दिसेल इतकी, तिरकी केली.